पट्ट्याखालचा ठिपका

डोंगर दुरून साजरे म्हणतात, पण हा दुरूनही फारसा साजरा नव्हता. अलीकडे कुरण, पलीकडे कुरण, मधल्या बुटक्या शिखरावर सरहद्दीचा दगड, संपलं. तरी वर उभं राहिलं की दोन्ही देशांतली गावं दिसायची आणि तेवढ्यासाठी लोक धापा टाकत यायचे. त्यांनी वाट चुकू नये म्हणून सासूबाई गेली सव्वीस वर्षं, थंडी सरली की, खडकांवर लाल पट्टे रंगवत. पाय घसरेल अशा दगडावर पट्ट्याखाली एक ठिपकाही देत. ही त्यांची स्वतःची युक्ती. डोंगरवाटांची देखरेख करणाऱ्या कचेरीच्या नियमांत ती नव्हती.

पलीकडच्या उतारावर कोणीतरी पिवळे पट्टे काढायचा. फराटा उजवीकडून डावीकडे ओढलेला असायचा, म्हणून सासूबाई त्याला डावखुरा म्हणत. भेट कधीच नाही. गेल्या वर्षी एका दगडावर गुडघा लचकून त्यांनी बसकण मारली, तेव्हा शिखरावरून कोणीतरी हात हलवला होता. ‘बरी आहे’ म्हणून यांनीही हलवला. एवढीच काय ती ओळख.

यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यातच कचेरीचं पत्र आलं: महिनाअखेर पट्टे ताजे दिसले नाहीत तर वाट बंद.

"आई, मी एकटी जाते ना," सून म्हणाली.

"तुला कुठला दगड कुठे ते कळणारे का?" असं म्हणत सासूबाई काठी घेऊन निघाल्यासुद्धा. त्यांच्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते, तिथे सुनेची काय कथा!

पट्टे रंगवत दोघी कुरणाच्या वरच्या फाटकापाशी पोचल्या आणि गुडघ्याने साफ नकार दिला. अर्धी वाट उरली होती आणि दिवस उरले होते दोन. सासूबाई गवतात बसल्या आणि सुनेदेखत पहिल्यांदाच रडल्या. "इतक्या वर्षांत एक दगड चुकवला नाही गं. आता माझ्यापायी वाट बंद होणार."

सून रंगाचा डबा घेऊन चार पावलं वर गेली आणि ओरडली, "आई, इथे रंगवलंय! पुढच्यावरही! पार वरपर्यंत!"

पट्टे लालच होते, पण फराटा उजवीकडून डावीकडे. अलीकडचे पट्टे फिकेच राहिलेले पाहून डावखुऱ्याने लाल रंग मिळवला होता आणि सरहद्द ओलांडून तो इथवर रंगवत उतरला होता. निसरड्या दगडांवर ठिपकेही विसरला नव्हता.

"हा दगड तर चांगला खडबडीत आहे," सून म्हणाली. "इथे ठिपका कशाला? चुकला वाटतं बिचारा."

सासूबाई कशाबशा उठून आल्या. त्यांनी दगडावरून हात फिरवला. गेल्या वर्षी गुडघा लचकला तो हाच.

"चुकला नाही गं. हा माझ्यासाठी आहे."

ज्याचा चेहरा कधी पाहिला नाही, त्याने आपल्याला इतकं जपावं, या विचाराने त्यांना भरून आलं. मग ठिपक्याचा मान राखून त्यांनी आधी काठी रोवली आणि जपून पाऊल टाकलं.

"पुढच्या वर्षी पिवळा डबाही घे," त्या सुनेला म्हणाल्या. "त्याचे गुडघे तरी कुठे लोखंडाचे असणार?"