मुठी नसलेली खुर्ची

आठ वर्षं मी व्हीलचेअरवर आहे. ती चालवायला पेशंटला कसं शिकवायचं, हे सिल्वासाच्या फिजिओथेरपिस्टांना मी शिकवते. त्यांतली जुई फारच मायाळू. पेशंट अडला रे अडला की मागून ढकलायची. शेवटी वैतागून मी तिच्या पेशंटच्या खुर्चीच्या मागच्या मुठीच काढून टाकल्या. म्हटलं, “आता तोंडाने शिकव!”

आज गावातल्या आमली भागात किराणा दुकानाच्या पायरीशी तिचे पेशंट उदयकाका दोनदा अडले. दुकानदार मदतीला धावला. मागे उभ्या जुईने स्वतःचे हात पाठीशी घट्ट धरले होते.

“हात लावायचा नाही!” ती त्याच्यावर कडाडली. “काका, पुढची चाकं उचला. आता वाका आणि मारा जोर!”

खुर्ची धाडकन वर चढली.

घाम पुसत काका दुकानदाराला म्हणाले, “हं शेठ, पावशेर चहा द्या.”