बास्केटबॉलच्या मैदानातली खाट

लोला सालिंगने, म्हणजे सालिंग आजीने, तीनशे बारा सह्या दारोदार फिरून गोळा केल्या. मागच्या वर्षअखेरीला दारासमोर फटाक्यांची माळ फुटली आणि तिचा नवरा मेलेन्सियो खुर्चीतच एका अंगावर कलला. दुसरा झटका त्याला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. म्हणून अर्ज होता : गल्लीत फटाके नकोत.

तिच्या लहानपणी वर्ष बदललं की बायका पातेली बडवत, पोरं उंची वाढावी म्हणून उड्या मारत. कुणीतरी बांबूच्या तोफेत रॉकेल घालून एकच बार काढी आणि अपशकुन पळाले म्हणून सगळे जेवायला बसत. आताचे अपशकुन बहुधा बहिरे झाले असावेत.

वस्तीने निवडून दिलेल्या कप्तानाने, रोदांतेने, नियम केला. मोठा फलक लागला. त्यावर नियमापेक्षा कप्तानाचा चेहरा मोठा. कचऱ्याच्या पिंपावरसुद्धा स्वतःचा चेहरा छापणारा माणूस तो. हनुवटीखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : फटाके फक्त बास्केटबॉलच्या मैदानात. सर्वांनी दुपारपासून तिथेच जमावे.

त्या मैदानाची एक बाजू म्हणजे मेलेन्सियोच्या उशाची भिंत.

सालिंग तडक कचेरीत गेली.

"दांते, ती भिंत कुणाची रे?"

"लोला, तुम्हीच मागितलात ना नियम? आता गल्लीत लवंगीसुद्धा वाजणार नाही."

"हो, सगळं त्याच्या उशाशी वाजणार."

"दुसरी मोकळी जागा आहे कुठे? लग्न, मयत, बिंगो, सगळं तिथंच होतं की आपलं."

"तुझ्या नव्या घरासमोर आहे."

"तिथं नको. खिडक्यांना मोठ्या काचा आहेत."

"अस्सं! मेलेन्सियोला काचा नाहीत, नाही का!"

कप्तान हसला. मतं मागतानाही तो असाच हसायचा.

घरी येऊन तिने सगळं सांगितलं, आदळआपट करत. शेजारची दमेकरी लुझविमिंदा म्हणाली, "कुठे हलवायचं म्हटलं तरी सगळा गावच वाजतो गं."

मेलेन्सियो वाकड्या तोंडाने एकेक शब्द जुळवत म्हणाला, "मला... मैदानातच... ठेवा. जमावे... म्हणालाय ना?"

सालिंग वर्षभरात पहिल्यांदा खळखळून हसली.

एकतीस तारखेला दुपारी तीन वाजता चौघांनी खाट उचलून बास्केटच्या जाळीखाली आणून ठेवली. मागून लुझविमिंदा खुर्ची आणि दम्याचा पंप घेऊन आली. मग तान्ही बाळं घेतलेल्या बाया आल्या, कुत्र्यांना कडेवर घेतलेले म्हातारे आले, पान्सितच्या शेवयांची परात आली, शकुनाची गोल फळं आली. सह्या करणारे जवळजवळ सगळेच.

कप्तान फटाक्यांची खोकी घेऊन आला आणि थबकला.

"हे काय?"

"तूच बोलावलंस. जमलो."

"पण लोला, इथं फटाके लावायचेत!"

"मग लाव की! कुणी अडवलंय? कुठल्या बाजूने लावतोस, डोक्याकडून का पायाकडून?"

माणसं हसली. कप्तानाचे कान लाल झाले.

"अरे, लहानपणी तोफेने तुझ्या भुवया जळाल्या, तेव्हा खोबरेल मी लावलं होतं. तोफेपेक्षा तूच मोठ्याने वाजत होतास."

आता तर त्याच्यामागे खोकी घेऊन आलेले त्याचे भाऊसुद्धा हसले. कप्तानाने माणसं पाहिली, खाट पाहिली आणि खोकी नदीकाठी न्यायला सांगितलं. नदीकाठी मासे वाळवायची एवढी मोठी जागा रिकामी पडलेली असते, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. फक्त तिथं कप्तानाचा फलक टांगायला खांब नव्हता.

मेलेन्सियो बारा वाजेपर्यंत जागणार नव्हता. म्हणून सालिंगने ऊन असतानाच वर्ष बदलायचं ठरवलं. तिने पातेलं त्याच्या पोटावर पालथं ठेवलं आणि चमचा त्याच्या चांगल्या हातात दिला. त्याने तीनदा वाजवलं, अगदी बेताचं.

"पळाले का गं?" त्याने विचारलं.

सालिंगने नदीकडे निघालेल्या कप्तानाच्या खोक्यांकडे पाहिलं.

"पळतायत," ती म्हणाली. "जेव आता."