दुपट्याची चौथी बाजू

सूड घ्यायचा हे डावरीने ठरवलं, त्याला तिच्या भाचीच्या वयाइतकी वर्षं झाली होती, आणि भाची आता स्वतःच बाळंत व्हायला आली होती. इतकी वर्षं राग कुणी सांभाळत नाही. माणसं विसरतात, दमतात, नाहीतर मरून तरी जातात. डावरीने मात्र तो ठेवणीतल्या कपड्यासारखा जपला. अधूनमधून बाहेर काढायचा, ऊन दाखवायचं, पुन्हा घडी घालून ठेवायचा. कसर म्हणून लागू दिली नाही.

डावरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. डाव्या हाताने जेवते, डाव्या हाताने लिहिते म्हणून थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, लहानपणी ते पाडलेलं. आणि ताईने पाडलेली नावं कुणाच्या बापाला पुसता येत नसत. आईने दोघींना क्रोशाची सुई एकाच दिवशी हातात दिली. ताई साध्या साखळीच्या पुढे कधी गेली नाही. साखळी मात्र अशी लांबलचक करायची की एकदा घरातलं मांजर त्यात गुरफटलं होतं. डावरी आईच्या समोर बसायची आणि आरशात बघावं तसं आईचे हात बघून सगळं उलट्या दिशेने शिकली. बाकीच्या बायका उजवीकडून डावीकडे विणत जातात, ही डावीकडून उजवीकडे. काम पुरं झालं की फरक कुणाच्या लक्षात येत नाही. अर्धवट राहिलेलं दुसरीच्या हातात दिलं, तर मात्र तिची पंचाईत होते. एवढं लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

डावरीला दिवस गेले होते तेव्हा तिने एक दुपटं विणलं. फिक्या पिवळ्या लोकरीचं, चारी कडांना शिंपल्यांची नक्षी. सोबत टोपडं आणि मोजे. मोजे इतके चिमुकले की नवरा त्यांत दोन बोटं घालून टेबलावरून चालवायचा आणि स्वतःच हसायचा. मूल जन्मलं ते रडलंच नाही. दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा हे सगळं ठेवलेला कपाटाचा खण रिकामा होता. ताईचेही दिवस भरत आले होते.

"तुझ्या डोळ्यांसमोर नको म्हणून घेऊन गेले गं," ताई म्हणाली. "आणि ठेवून तरी काय करणार होतीस?"

हेही डावरीने गिळलं असतं. पुढे ताईला मुलगी झाली, माणसं बघायला आली, बाळ त्या पिवळ्या दुपट्यात गुरगुटून झोपलेलं. कुणीतरी विचारलं, किती सुरेख, कुणी विणलं हो? ताई म्हणाली, "कुणी म्हणजे? मीच. रात्र रात्र जागून." डावरी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ट्रे हलला नाही, थेंबभरही चहा सांडला नाही. सगळ्यांना कप देऊन ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, आणि तिथे उभ्या उभ्या तिने ठरवलं.

नंतर सगळं गोडीगुलाबीने चाललं. येणंजाणं, आजारपणं, हसणंखिदळणं. भाचीला त्या दुपट्याशिवाय झोप येत नसे. शाळेत गेली, कॉलेजात गेली, तरी उशीखाली दुपटं होतंच. जो भेटेल त्याला सांगायची, "माझ्या आईने विणलंय." ताई शेजारी बसून मान डोलवायची आणि डावरीकडे बघायची नाही.

आणि एका दुपारी ताई लोकरीची पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

"तिला तसंच हवंय," ताई खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाली. "'आई, माझ्यासाठी केलंस तसंच माझ्या बाळासाठी कर.' नुसता धोशा लावलाय. आता मी काय करू?"

"कर की."

"थट्टा नको गं. माझे डोळे असे, हात असे..." ताईने दोन्ही हात पुढे केले. हात धडधाकट होते. "तू करून दे. तुझा हात काय सुरेख चालतो! आणि हे आपलं दोघींतच हं."

इतक्या वर्षांत तुझा हात चांगला असं ताई पहिल्यांदाच म्हणाली होती, आणि तेही चोरी पुढे चालू ठेवण्यासाठी. डावरीला इतका आनंद झाला की तिने ताईला चहा दोनदा विचारला.

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. घरी आल्यावर त्याने लोकर पाहिली आणि हकिगत ऐकून बायकोच्या कपाळाला हात लावला.

"ताप नाही. मग हो का म्हणालीस? सुई तिच्या डोळ्यात खुपसायचा विचार आहे काय?"

"छे. हातात देणार आहे. ताईच्या नंबरचा एक चष्मा हवाय मला."

"तिला दिलाय की मी."

"तो ती घरी विसरणार आहे."

"कधी?"

"मी दुपटं नेईन त्या दिवशी."

नवरा दुसऱ्या दिवशी निमूट चष्मा घेऊन आला. शहाण्या नवऱ्यांना कुठे गप्प बसावं हे कळतं, आणि हा तर बायकोचा राग पहिल्या दिवसापासून ओळखून होता.

डावरी विणायला बसली. वाईट विणता आलं असतं, पण सुडापायीसुद्धा तिच्या हातून वाकडा टाका पडेना. बोटांना सगळं पाठ होतं. मधलं अंग झालं, मग कडेचे शिंपले सुरू झाले, आणि पहिल्या शिंपल्यालाच तिला टेबलावरून चालणारे ते चिमुकले मोजे आठवले. तिने सुई खाली ठेवली, ताईला मनातल्या मनात दोन शेलक्या शिव्या हासडल्या आणि पुन्हा सुरू केलं. तीन बाजू झाल्या. चौथीवर थोडे शिंपले घालून ती थांबली. सुई टाक्यातच ठेवली, लोकरीचा गुंडा तसाच जोडलेला ठेवला आणि सगळं पिशवीत भरलं.

ताईचा रोज फोन. झालं का गं? होतंय गं. भाचीला मुलगा झाला, तरी होतंय. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी ठरलं की सगळे बाळाला बघायला येतील त्या दिवशी डावरीने पिशवी आणावी आणि हळूच मागच्या खोलीत ठेवावी.

डावरी भाचीच्या सासरी पोचली तेव्हा पुढची खोली माणसांनी भरली होती. भाची पलंगावर तक्क्याला टेकून बसली होती, बाळ तिच्या मांडीवर, त्याच जुन्या पिवळ्या दुपट्यात. भाचीच्या सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "आमच्या विहीणबाईंच्या हातचं हो! आता नातवासाठी दुसरं करतायत." ताई डोळ्यांनी मागची खोली दाखवत होती. डावरी सरळ चालत आली आणि पिशवी ताईच्या मांडीवर ठेवली.

"ताई, माझ्याकडेच विसरून आलीस बघ. एकाच कडेचे थोडे शिंपले राहिलेत तुझे."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगंबाई! मग आत्ताच करा ना!" सासूबाईंनी टाळी वाजवली. "आम्हाला बघायचंय. आणि नवं दुपटं आजच बाळाच्या अंगावर!"

"करते ना, निवांत करते. आत्ता चष्मा नाही आणला मी."

डावरीने पर्स उघडली. "हा घे. तुझ्याच नंबरचा आहे."

ताईने चष्मा घातला. काय करणार बिचारी? बिचारी हा शब्द इथे सवयीने आला, डावरीच्या मनात तो नव्हता. ताईने सुई उजव्या हातात धरली. मोकळी कड उजवीकडे होती आणि तिचा हात डावीकडे, विणून झालेल्या शिंपल्यांवर जात होता. तिने दुपटं उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. सुईवर धाग्याचा वेढा घातला, तो सुटला. गुंडा मांडीवरून घरंगळला, धागा ताणला गेला आणि शेवटचे दोन शिंपले सगळ्यांच्या देखत सर्र उसवले.

कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग कुणीच हसलं नाही.

"आई?" भाची म्हणाली.

"हात थरथरतोय गं. सवय मोडली."

डावरीने ताईच्या मांडीवरून दुपटं उचललं. शेजारी बसली, सुई डाव्या हातात घेतली आणि चौथी बाजू विणत गेली. शेवटी तिने धागा तोडला, गाठ मारली, टोक आत दडवलं. भाची तिच्या हातांकडे बघत होती. मग तिने बाळाभोवतीच्या जुन्या दुपट्याची कड बोटांत धरली आणि नव्या कडेशेजारी ठेवली.

"मावशी, हेही तूच?"

"हो."

"माझ्यासाठी?"

इथे थांबता आलं असतं. नुसतं हो म्हटलं असतं तरी पुरलं असतं; ताई खोटी पडली होती, लोकांनी पाहिलं होतं, काम झालं होतं. ताई अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "नको गं." ताईने जन्मात तिला कधी विनवलं नव्हतं. डावरीला ते ऐकून इतकं बरं वाटलं की तिला आणखी हवंसं झालं.

"तुझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "माझ्या बाळासाठी. ते गेलं, आणि तुझ्या आईने कपाटातून उचलून नेलं. मग सांगितलं, मी विणलं. विचार तिला."

दुसऱ्याने आणलेला चष्मा नाकावर ठेवून ताई बसून राहिली, आणि डावरीने तिचा चेहरा पोटभर पाहून घेतला. हाच चेहरा बघण्यासाठी ती इतकी वर्षं चहा देत आली होती.

भाचीने बाळाला दुपट्यातून सोडवलं. उघडे पाय हवेत झाडत ते रडायला लागलं. तिने जुन्या दुपट्याची नीट घडी केली आणि दोन्ही हातांनी ती मावशीपुढे धरली.

"तुझं आहे. घे."

डावरीने घेतलं.

भाचीने नव्या दुपट्याकडे हात नेला आणि अर्ध्यात थांबली. "हे तरी आमच्यासाठीच आहे ना, मावशी?"

"हो," डावरी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

घरी येऊन तिने दुपटं खिडकीजवळच्या टेबलावर पसरलं. इतक्या वर्षांत ते तिच्या हातात आलंच नव्हतं, लांबूनच दिसायचं. आता तिने ते उन्हात नीट पाहिलं. जागोजागी विरलं होतं, आणि जागोजागी सांधलेलं होतं. करड्या, तपकिरी, हाताला येईल त्या दोऱ्याने, ओबडधोबड, गाठींवर गाठी. मोठी भोकं पडली होती तिथे लोकरीची साधी साखळी गोल गोल गुंडाळून, ठिगळासारखी शिवली होती. आडव्यातिडव्या, घट्ट आवळलेल्या साखळ्या. कुणाच्या ते विचारायची गरज नव्हती. साखळीशिवाय दुसरं काही न येणारी बाई घरात एकच होती.

"कुणा वेड्याने शिवलंय हे?" नवरा वाकून बघत म्हणाला.

डावरीने कात्री घेतली. तिला तिचं दुपटं तिने केलं होतं तसं हवं होतं, त्यात ताईचा एक टाका नको होता. तिने एक ठिगळ उसवलं. त्याखाली काहीच शिल्लक नव्हतं. सुटलेले टाके एकामागून एक पळत सुटले आणि मूठ जाईल एवढं भोक पडलं. तिने घाईने सुई घेऊन ते पकडले. मग दुसऱ्या ठिगळाखाली बोट घालून पाहिलं. तिथेही तेच. ताईचे टाके काढले असते तर हातात नुसती लोकर उरली असती.

तिने ताईला माफ केलं, असं कुणी समजू नये. फोन वाजला तेव्हा ताईचाच असणार हे तिला माहीत होतं, आणि तिने तो वाजू दिला. पुन्हा वाजला, पुन्हा वाजू दिला. नवरा उचलायला गेला, त्याला डोळ्यांनीच बसवलं.

मग टेबलावर पडलेली ती वाकडी साखळी तिने उचलली, हाताने सरळ केली आणि जिथून काढली होती तिथेच ठेवली. डब्यात दोरा शोधू लागली. पिवळा वर होता, तो बाजूला सारून तिने तळातला करडा काढला आणि सुईत ओवला.