दर्शनाचं अक्षर

"माझी आई खूप प्रेमळ आहे. ती पहाटे पाच वाजता उठते. गो बाय, गॅस बारीक कर, दूध उतू जातला. माझ्या आईला स्वच्छता आवडते. मेल्यान पंखो चालूच ठेवल्यान."

इथवर मोठ्याने वाचून मी थांबले. सातवीचा वर्ग मात्र थांबायला तयार नव्हता. मागच्या बाकांवर पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होती.

वही दर्शना गुरवची होती आणि चूक माझी. निबंध आधी न वाचताच मी "ऐका, निबंध कसा असतो ते" म्हणून वर्गापुढे उभी राहिले होते. कारण एकच, तिचं अक्षर. दोन वर्षं सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस तिचंच. शाळेच्या दारातल्या फळ्यावर रोजचा सुविचार तीच लिहायची. मी, विमला तावडे, तेहतीस वर्षं भांडुपच्या या शाळेत मराठी शिकवतेय. येत्या मे महिन्यात निवृत्त होईन, पण चांगलं अक्षर दिसलं की माझी अक्कल अजून गहाण पडते.

घोळ काय झाला ते लगेच कळलं. हल्ली आमची पोरं निबंध लिहीत नाहीत, फोनला सांगतात. फोन ऐकतो, टाइप करतो आणि मग त्यावर बघून वहीत उतरवायचं. दर्शना निबंध सांगत असताना तिची मालवणी आजी स्वयंपाकघरातून सुनेला हुकूम सोडत होती. फोनने भेदभाव न करता दोघींचंही टिपून घेतलं होतं.

मलाही हसू आवरेना. "दर्शना, ये इकडे. पुढचं तूच वाच. आजी अजून काय काय म्हणाल्या ते कळू दे सगळ्यांना."

ती आली. वही हातात घेऊन तिने खणखणीत आवाजात सुरू केलं, "माझी आई मुलुंडच्या हॉस्पिटलात काम करते. ती आजारी लोकांची सेवा करते. मला माझी आई फार आवडते."

"बाई, ती गाळतेय!" पहिल्या बाकावरचा देवेश मान वाकडी करून वहीत डोकावत ओरडला. "इथे लिहिलंय ना, 'सुके बांगडे खंय ठेवलंस?'"

मी वहीत पाहिलं. बांगडे होते. दर्शनाचं बोट मात्र भलत्याच ओळीवर होतं.

माझं हसू तिथेच संपलं. पोरगी वाचत नव्हती. फोनला जे सांगितलं होतं, ते आठवून म्हणत होती. आणि वहीत जे होतं ते तिने लिहिलेलं नव्हतं, काढलेलं होतं. ठिपके मोजून दुसऱ्याची रांगोळी काढावी तसं, बांगड्यांसकट.

"गप्प बसा रे," मी म्हटलं. "मीच तिला खुणेने गाळायला सांगितलं. देवेश, तुझी वही आण आता."

देवेशची वही घरी राहिली होती, त्यामुळे विषय आपोआप बदलला.

मधल्या सुट्टीत मी तिला रिकाम्या वर्गात बसवलं. "कधीपासून गं?"

"दुसरीपासून, बाई." ती वेणीच्या रिबिनीशी चाळा करत होती. "पहिलीत अक्षरं शिकले ना, तर लॉकडाऊन लागला. दुसरी अख्खी फोनवर. आमच्याकडे फोन एकच, तो पप्पांबरोबर जायचा. शाळा सुरू झाली तेव्हा सगळे वाचायला लागलेले. मग विचारायची लाज वाटली."

"आणि पुस्तक?"

"फोटो काढायचा. फोन वाचून दाखवतो. एकदा ऐकलं की माझ्या लक्षात राहतं."

"परीक्षेत?"

"पुढचीचं बघून. झकास उतरवते मी," ती म्हणाली आणि जीभ चावली. "तिच्या चुकापण येतात त्यात."

रागवायला मी तोंड उघडलं होतं, पण रागवणार कुणावर? माझ्या डोळ्यांदेखत दोन वर्षं हे चाललं होतं आणि मी बक्षिसं वाटत होते. मला खूप लाज वाटली.

"बाई, आईला नका ना सांगू," ती म्हणाली. "ती रोज फळ्याचा फोटो हॉस्पिटलातल्या सगळ्यांना पाठवते."

त्यात बारा दिवसांवर शाळेचा वाचन दिन. एका संस्थेने आम्हाला वीस टॅब दिले होते. त्यांचे पाहुणे येणार होते आणि त्यांच्यासमोर टॅबवरचा उतारा वाचायला मुख्याध्यापक सुबोध सरांनी दर्शनाचीच निवड केली होती. पालकांना निमंत्रणंही गेली होती. नाव मागे घ्यायचं तर कारण सांगावं लागणार, आणि ते संध्याकाळपर्यंत पोरांच्या घरी, अख्ख्या टेंभीपाडा वस्तीत पोचणार.

मी सरांना दार लावून खरं ते सांगितलं. ते क्षणभर गंभीर झाले आणि मग नेहमीसारखे व्यवहारी झाले.

"बाई, पाठ करून घ्या ना. फोटोत पाठांतर आणि वाचन सारखंच दिसतं."

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. सहा महिन्यांची नोकरी उरलेली, कशाला डोक्याला ताप? मी दर्शनाला तसं सांगितलंही. तिने निमूट मान हलवली. मग दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "पाठ तर मला सगळंच येतं, बाई."

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत आमचा वर्ग सुरू झाला. बाराखडी काढली तर तिने तोंड फिरवलं. बाराखडी लहान मुलांची, ती सातवीत. शेवटी मी माझाच फोन तिच्यापुढे धरला. "बोल काहीतरी. फोन लिहील, आणि लिहिलेलं तू मला वाचून दाखवायचं."

"काय बोलू?"

"तोंडाला येईल ते."

ती बोलली, फोनने लिहिलं. मग भुवया आक्रसून, एकेका अक्षराला बोट लावत तिने शोधायला सुरुवात केली. काय शोधायचं ते तिला माहीत होतं, कुठे आहे ते सापडत नव्हतं. दहा मिनिटांनी तिने आयुष्यातलं पहिलं पूर्ण वाक्य वाचलं, "बाई तुमच्या साडीला मागे खडू लागलाय."

लागला होता. सकाळपासून.

त्या दिवसांत आम्ही पुष्कळ वाचलं. देवेशबद्दलची तिची मतं वाचली, शाळेच्या खिचडीबद्दलची वाचली. सुबोध सरांच्या केसांबद्दल एक वाक्य होतं, ते वाचून झाल्यावर मी पुसायला लावलं. जोडाक्षर आलं की ती अजूनही अडायची. "सुटी असली की ओळखते मी, बाई. जोडली की वेश बदलून येतात." तरी आठव्या दिवशी ती शाळेत येताना रिक्षांच्या पाठी वाचत आली, आणि म्हणून उशिरा आली. मी तिला रागावले नाही. माझ्या नोकरीत हे पहिल्यांदाच घडलं असेल.

पण टॅबवरचा उतारा काही तिला जमेना. आदल्या दिवशी मी विचारलं, "काय करायचं?"

"निबंध वाचू?" ती म्हणाली. "माझाच?"

वाचन दिनाला सभागृह भरलं होतं. तिसऱ्या रांगेत दर्शनाची आई ड्यूटीचे कपडे बदलून येऊन बसली होती, शेजारी आजी. दर्शना स्टेजवर आली. हातात टॅब नव्हता, वही होती. सुबोध सरांनी माझ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे.

"मा... झी आई... खूप... प्रे... प्रेमळ आहे."

सभागृहात चुळबुळ सुरू झाली. बक्षिसं मिळवणारी मुलगी अडखळते कशी, म्हणून पालक माना वळवून बघू लागले. तिच्या आईचा चेहरा उतरला. फोटो काढायला उचललेला फोन तिने हळूच मांडीवर ठेवला. मला वाटलं, संपलं. मुलीला भर सभेत उघडं पाडलं मी. दर्शनाने मान वर केली नाही. तिचं बोट पुढच्या शब्दावर सरकलं.

"ती... पहाटे... पाच... वाजता उठते. गो बाय... गॅस... बारीक कर... दूध... उतू जातला."

"अगो!" आजी ताडकन उभी राहिली. "ह्या तर मीच बोललंय! कागदात कसा गेला?"

सभागृह हसलं. दर्शनाही हसली, पण बोट जागेवरून हललं नाही. हसणं थांबेपर्यंत तिने त्या शब्दावर बोट दाबून धरलं आणि मग पुढे वाचलं. पंखा वाचला, बांगडे वाचले. एका पानाला नऊ मिनिटं लागली. पाहुण्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. आईने फोन पुन्हा उचलला नाही. ती डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत आले तेव्हा सुबोध सर दारातल्या फळ्यासमोर उभे होते, हातात डस्टर. फळ्यावरची अक्षरं लहानमोठी झाली होती, ओळ उतरणीला लागली होती, एक शब्द दोनदा खोडला होता. लिहिलं होतं, "दूध उतू जायच्या आधी गॅस बारीक करावा. माझी आजी."

"बाई, अक्षराची पार वाट लागली हो हिच्या," सर हळहळले. "काय मोत्यासारखं होतं. पुसून पुन्हा लिहायला सांगू?"

त्यांची हळहळ खोटी नव्हती. ते अक्षर मलाही फार आवडायचं.

मी त्यांच्या हातातलं डस्टर घेतलं, पर्समध्ये टाकलं आणि वर्गावर गेले.