सोमवारची डिस्क

दातांच्या दवाखान्यातला संगणक सकाळी बंद पडला तो कायमचाच. नवा आणला, पण त्याचं पोट रिकामं. रुग्णांच्या नोंदी सांभाळणारी सून त्यात प्रती परत भरायला बसली. सासरे दाराशी स्टुलावर बसले होते.

दर रविवारी सगळ्या नोंदींची पूर्ण प्रत निघे. मग रोज संध्याकाळी फक्त त्या दिवशीचे बदल त्या वाराच्या डिस्कवर जात, आधीचं पुसून. परत भरताना आधी रविवार, मग एकेक वार, ओळीने. डिस्क बदलायचं काम सासऱ्यांचं. ट्रक सोडल्यावर हातांना तेवढाच चाळा.

रविवार नीट भरला. सोमवारची डिस्क लावली, तर आत मंगळवारचे बदल निघाले. मंगळवारच्या डिस्कवर मागच्या आठवड्याचं.

"प्रोग्राम मीच चुकीचा लावला असणार," सून म्हणाली. "आता रविवारच्या प्रतीवरही भरवसा नाही. त्याआधीच्या रविवारची भरते."

"म्हणजे आठवडा पाण्यात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि शिंपीणबाई? सोमवारी कुठल्याशा इंजेक्शनने त्यांचा चेहरा सुजला. बदली डॉक्टरांनी औषधाचं नाव लिहिलं होतं, आणि ते आता विमानात. बाई दुपारी दाढ काढायला येतायत. तुझ्यावर सोपवलं, हेच माझं चुकलं."

सून खाली मान घालून ऐकत राहिली. तिने आधीच्या रविवारच्या डिस्ककडे हात नेला, तेव्हा सासरे उठले.

"थांब पोरी. तुझा प्रोग्राम ठीक आहे. काल मंगळवारची डिस्क खिडकीत उन्हाने तापली होती. तापलेलं इंजिन लगेच कामाला लावत नाहीत. म्हणून सोमवारचीच परत लावली. म्हटलं, एका दिवसाने काय बिघडतं."

"आणि बाबा, मघापासून तुम्ही इथेच होतात."

"होतो."

रविवारच्या प्रतीवर तिने सोमवारच्या डिस्कवरचे मंगळवारचे बदल चढवले. आठवडा वाचला. सोमवार गेला तो गेलाच.

"विमान उतरून डॉक्टरांकडून औषधाचं नाव कळेपर्यंत दाढ निघणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे त्यांना कोण सांगणार?"

"मी," सासरे म्हणाले.

शिंपीणबाई गालाला रुमाल धरून आल्या. सासऱ्यांनी सगळं सांगितलं, डिस्कसकट. बाईंनी ऐकून घेतलं.

"रात्रभर डोळा नाही माझा. आणि तुम्ही डिस्कला विश्रांती दिलीत?"

"हो."

"बोलताना दुखतंय, नाहीतर तुम्हाला दाखवलं असतं."

सासऱ्यांनी त्यांना बाकावर बसवलं. डॉक्टरांचं विमान उतरेपर्यंत ते शेजारी उभे राहिले. सुनेने एकदा स्टूल पुढे सरकवलं, पण ते बसले नाहीत.