विझणारा दिवा

मकसूदभाई पंचवीस वर्षं इंदापूर तालुक्यातल्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करत होते. मोटारीच्या पेटीवर तीन दिवे असतात. तिन्ही लागले की लाईट आली, खुशाल मोटार चालवा. एखादा विझला की हात लावू नका. ही विद्या त्यांच्या हाडीमाशी मुरली होती, आणि वायर म्हटली की आपल्यापुढं कुणी नाही हा गर्व तर तिच्याही आधी मुरला होता.

काटेवाडीचा रणजित त्यांचा वीस वर्षांचा दोस्त. त्याची जुनी मोटारसायकल भाईंनी विकत घेतली. किल्ली फिरवली की तेलाचं चित्र असलेला लाल दिवा लागायचा आणि इंजिन सुरू झालं की विझायचा. भाईंच्या कपाळाला आठी पडली. यंत्र चालू आणि दिवा बंद? चहाच्या टपरीवरून, चारचौघांसमोर, त्यांनी फोन लावला.

“रणजित, तुझ्या गाडीचा दिवा जातोय.”

“जायलाच पायजे,” रणजित म्हणाला.

“आणि वर तोंड करून सांगतोस? खराब गाडी गळ्यात मारलीस व्हय रं? लबाड हायस तू!”

पलीकडून फोन बंद झाला. गुन्हा कबूल झाला असं भाईंनी धरून टाकलं.

मग शुक्रवारची अख्खी दुपार त्यांनी गाडीला वाहिली. टाकी उतरवली, वायरचा माग काढत इंजिनाच्या खालपर्यंत पोचले. तिथं छोट्या स्विचला एकच वायर. ती उपसली, दिवा विझला. तिचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवलं, दिवा लागला. सापडलं! भाईंनी ते टोक स्क्रूनं इंजिनालाच कायमचं आवळून टाकलं. आता गाडी पळो नाहीतर उभी राहो, दिवा लख्ख. “गाडी बनवणाऱ्यांना जमलं न्हाय ते आपण केलं,” असं ते टपरीवर दोनदा सांगून आले.

पुढच्या आठवड्यात बायकोला, सायराबानूंना, मागं बसवून ते जळोचीला लेकीकडं निघाले. मुबशिरा बारामतीत दुचाकीच्या शोरूममध्ये सर्व्हिसच्या काउंटरवर बसायची. गाडी दारात थांबली तशी ती ओरडलीच.

“अब्बा, आधी इंजिन बंद करा! तेलाचा दिवा लागलाय!”

“लागणारच. मीच जोडलाय.”

मुबशिरानं तेल तपासलं. तेल भरपूर होतं. मग तिनं वाकून तो स्क्रू बघितला आणि पायरीवर बसून पोट धरून हसली.

“अब्बा, ही विहिरीवरची पेटी न्हाय. इंजिनात तेलाचा दाब नसला की ह्यो दिवा लागतो, दाब आला की विझतो. तुमी त्याला कायमचा बोंबलायला लावलाय. उद्या खरंच तेल संपलं तर कळणार कसं?”

“मला तर येताना रस्त्यात म्हणाले, दिवा लागलाय, आता काळजी न्हाय,” सायराबानू म्हणाल्या.

भाईंनी मुकाट्यानं वायर पुन्हा स्विचला जोडली. इंजिन सुरू केलं. दिवा विझला. दुरुस्ती झाली होती, पण मिरवायला तोंड कुठं होतं? मकसूद, लेका, ते स्वतःलाच म्हणाले, धडधाकट गाडीला आजारी पाडून तू तिचा डॉक्टर म्हणून गावभर हिंडलास. एवढ्यावर थांबलं असतं तर हसून सोडून देता आलं असतं. पण रणजित खरं तेच सांगत होता, आणि त्याला आपण लबाड म्हणालो, हे आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोस्त गेला तर असला दुसरा कुठून आणायचा? बायकोला लेकीकडं ठेवून ते तसेच काटेवाडीला गेले.

रणजित विहिरीच्या कठड्यावर बसला होता. मागं उसाची पानं सुकून गुंडाळली गेली होती.

“गाडी चांगली हाय. गाढव मी हाय,” भाई म्हणाले. “तुला चारचौघांत नको ते बोललो. चुकलो.”

“लई लागलं मला,” रणजित म्हणाला.

भाईंनी विहिरीवरच्या पेटीकडं बघितलं. तिन्ही दिवे लागले होते, पण मोटारीचा आवाज नव्हता.

“मोटार बंद का?”

“जळलीय. आठ दिवस झालं.”

“आठ दिवस? आरं, मग दुसऱ्या कुणाला बोलवायचं की! ऊस बघ कसा झालाय!”

“बायको बी तेच म्हणतीया. पर म्हटलं, मकसूद येतोयच. भांडायला का हुईना, पर येतोयच.”