कपाचा कान

अंबीनं पाटीवर पुन्हा ग काढला, पुन्हा उलटा. दांडी डावीकडं, आकडा उजवीकडं. गुणाजीनं तिचा कान पिळला.

"किती वेळा सांगू तुला?"

मास्तरांचा निरोप आला होता: आज ग सरळ आला नाही तर पोरीचं नाव काढून न्या, तिच्या डोक्यात बिघाड आहे. गुणाजीच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेली पोरगी ही पहिलीच.

"बाबा," अंबी हुंदके देत म्हणाली, "कपाचा कान हिकडं केला तरी कपच ना?"

फाडकन चापट बसली.

"मारा," अंबीची आई सुभद्रा स्टोव्हपाशी करवादली. "मारून शहाणपण येत असतं तर गिरणीतली सगळी माणसं पंडित झाली असती."

गॅलरीतून गिरणीतल्या जयवंतनं हाक दिली. "गुण्या, चल! मोर्चा यायच्या आत भिंत रंगवायचीय. नाक्यावर पोलिसांची लॉरी लागलीय."

गुणाजी गिरणीत कापडाच्या गाठींवर छाप मारायचा. अक्षरं कापलेला पत्रा टेकवायचा, वरून रंगाचा बोळा फिरवायचा. म्हणूनच घोषणा छापायला डिलाईल रोडची भिंत त्याच्याकडं आली होती. रॉकेलनं धुतलेला पत्रा दोन्ही अंगांनी सारखाच लखलखत होता. त्यानं तो घाईत टेकवला, बोळा फिरवला, उचलला.

अख्खा 'संयुक्त महाराष्ट्र' उलटा उमटला. आरशात दिसावा तसा.

"आयला," जयवंत फिस्सकन हसला, "मास्तर तुझंपण नाव काढणार बघ!"

लॉरी वळली. जयवंत गल्लीत पळाला. गुणाजी भिंतीकडंच बघत राहिला. छाप मारण्यात जन्म गेला, तरी पत्रा कुठल्या अंगानं धरलाय ते त्याच्या डोळ्यांना कळलं नव्हतं. आणि ती पोर? कप, मांजर, चप्पल, कुठंही तोंड करा, वस्तू तीच राहते, एवढंच तिनं जन्मापासून बघितलेलं. अक्षर तेवढं वळलं की चुकतं, हे मारण्याआधी तिला कुणी सांगितलं होतं?

तो शाळेकडं धावत सुटला.

अंबीला शाळेत घेऊन आलेली सुभद्रा वर्गाच्या दारात उभी होती. अंबीच्या पाटीवर उलटा ग, आणि मास्तरांच्या हातात छडी.

"न्या हिला," मास्तर म्हणाले.

"नाही नेणार." गुणाजीनं पाटीच्या डाव्या कडेला रंगाचं लाल बोट टेकवलं. "अंबे, इथनं निघायचं. अक्षर कपासारखं नसतं, बाळ. त्याला एकच तोंड असतं."

अंबीनं पेन्सिल लाल ठिपक्यापाशी टेकवली. आधी आकडा, मग दांडी. सरळ.

"आता न काढ," मास्तर गुरकावले.

न उलटा आला. छडी उठली ती गुणाजीच्या मुठीत अडकली.

"सोडा."

"आधी हिचं नाव पटावर ठेवतो म्हणा. ग आला, नपण येईल. लागू द्या की वेळ."

मास्तरांनी हिसका दिला. मूठ सुटेना. अंबी खाली मान घालून तोच न पुसत होती, पुन्हा काढत होती.

"बसू दे तिला," मास्तर शेवटी म्हणाले.

गुणाजीनं छडी सोडली. तिच्यावर त्याची लाल बोटं उमटली होती.